मंडई, पाहुणे आणि दोन लहान लेकरं: यंदा नाटक बसून पाहायला मिळेल का?

धानाची_बांधी

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडं. भाऊबीज झाली की बाकी लोक फराळाचे डबे घासून ठेवतात. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा कुठं सण रंगात येतो, कारण मंडया सुरू होतात.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, एवढा हा पट्टा. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. दर गावाची मंडई वेगळ्या दिवशी धरतात, म्हणजे आज आम्ही तुमच्याकडे, परवा तुम्ही आमच्याकडे. दिवसा गोवारी बांधवांची मोरपिसांची ढाल नाचत येते, दंडार म्हणजे नाच-गाण्याचा खेळ होतो, बाजार भरतो. रात्री नाटक, ते पार उजाडेपर्यंत. आणि घरी पाहुणे. पूर्वी नागपूरकडचे पाहुणे नागभीडच्या छोट्या गाडीनं येत, तेही तिच्या सवडीनं. ती गाडी 2019 ला रुंदीकरणासाठी बंद झाली. आता सगळे आपापल्या गाड्या घेऊन एकदमच दारात उतरतात.

माझी मुलगी चार वर्षांची, मुलगा अकरा महिन्यांचा. हलका धान कापून झालाय, कडपा (कापून टाकलेला धान) बांधीत म्हणजे धानाच्या शेतात पडून आहेत, पुंजणं (धानाची रास) रचायचं बाकी आहे. आभाळ आलं की मामंजींचा जीव खालीवर. अंगणवाडी दिवाळीची बंद. नवरा गावात नाटक ठेवणाऱ्या मंडळात, म्हणजे मंडईच्या आठवडाभर तो घरी फक्त जेवायला. सासूबाई आणि मी चुलीपाशी.

तर प्रश्न असा. लहान लेकरांना रात्रीच्या नाटकाला न्यावं का? नेलं तर कसं सांभाळावं, नाही नेलं तर कोणापाशी ठेवावं? आणि खरं सांगायचं तर मला नाटक पाहायचं आहे. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, बसून. लग्न झाल्यापासून पहिला अंक आणि थोडा दुसरा, यापुढं मी गेले नाही.

पुण्यात_वऱ्हाडी

एवढे पाहुणे बोलवायचेच कशाला? जवळचे चार-पाच बोलवा, बाकीच्यांना फोनवर शुभेच्छा द्या. जेवण केटररला सांगा. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगे वाजवायला कायद्यानं मनाई आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार मुभा देतं, तीही मध्यरात्रीपर्यंतच. रात्रभर नाटक हा प्रकारच मुळात लहान मुलांसाठी चुकीचा.

पवनीकर

भाऊ, तुमी पुण्यातच राहा.

आता नीट सांगतो. मंडईला आवतन दिलं नाही तर माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. आणि ते नुसतं जेवण नसतं जी. आमच्याकडं अर्ध्या सोयरिकी मंडईत जमतात. पोरगी पाहायचा कार्यक्रम वेगळा करायला नको, सगळे नातेवाईक आयतेच एका छपरीत बसलेले असतात. त्यात शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं अटींवर वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून पटाचे पाहुणे वेगळे. पाहुणे कमी होतील ही आशा सोडा.

कमी काय होऊ शकतं? ताट. आमच्या घरी तीन भाज्या, वडे, करंज्या, बासुंदी, वर कोंबडा, असं सगळं व्हायचं. मागच्या मंडईपासून वहिनींनी ठरवलं की भात, कोंबड्याचा रस्सा, माळकऱ्यांसाठी वांग्या-बटाट्याची भाजी, आणि जिलबी बाजारातली. वरून सांबार घातला की झालं (कोथिंबीर हो, पुण्यातल्या भाऊंसाठी). कोणी एक शब्द बोललं नाही. मंडईतल्या जिलबीपुढं घरची करंजी तशीही कोण खातं?

कोंबडा अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पुरुषच रांधतात. तिथंच भाताचा गंजही (मोठं पातेलं) चढवायला सांगा. एकदा चूल पेटली की त्यांना भाताचं ओझं नसतं, फक्त सांगावं लागतं.

आजी_साकोली

(आजी बोलून राहिली, मी नातू टाइप करून राहिलो.)

माय, तू काऊन एवढी घाबरतं? आमच्या येळी खासर जुंपून जावो नाटकाले. खासरात (छोट्या बैलगाडीत) खाली तणस (धानाचा पेंढा) टाकावो, वरून गोधडी. लेकरं पयल्या गान्यालेच झोपत. बैल सोडून खासर मंडपाच्या मांगं लावलं का नाटकबी आयकू ये अन् लेकरूबी डोळ्यापुढं. मी सात लेकरं अशीच वाढोलो. थंडी वाजू नये म्हून लेकराच्या पायाले मोजे नाही, लुगड्याची घडी गुंडाळो.

हरेक घरी एक म्हातारी असते, जे म्हनते का मी यंदा नाटकाले जात नाही, माये गुडघे दुखतात. तिच्यापाशी निजव लेकरं.

सिंदेवाहीची_लेक

आजी, पाया पडते, पण ती म्हातारी खरंच गुडघ्यासाठी थांबते का हेही कोणी विचारत नाही. माझी आई दर मंडईला थांबायची. बाबा गेल्यानंतर तिला मी नाटकाला नेलं तर पहाटेपर्यंत पापणी लवली नाही तिची.

बांधीताई, आमच्याकडं वाघाची भीती खरी आहे, तुमच्या ब्रह्मपुरीकडंही. म्हणून एक गोष्ट आधी पक्की करा. लेकरं मंडपात आणलीत तर उजाडेपर्यंत मंडपातच ठेवायची. रात्री दोनला रडणारं लेकरू खांद्यावर टाकून एकटीनं शेताच्या वाटेनं घरी यायचं नाही. घर गावठाणात असेल तर गोष्ट वेगळी. लघवीलाही लेकराला मंडपाच्या उजेडातच बसवायचं, लाजायचं नाही.

चार वर्षांची मुलगी दिवसाच्या बाजारात हरवू शकते. ढाल आली की सगळे तिकडं धावतात, हात सुटतो. मी माझ्या मुलाच्या दंडावर बॉलपेननं बापाचा मोबाईल नंबर लिहिते आणि त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवते, म्हणजे घामानं लवकर पुसत नाही. आणि त्याला शिकवलंय की हरवलास तर पळत सुटायचं नाही, जिलबीवाल्यापाशी जाऊन उभं राहायचं. जिलबीवाला कोणालाही सापडतो.

बाजारातली लाईट लागणारी खेळणी घेताना मागचं झाकण पाहा. बटणासारखा गोल सेल असतो आणि झाकणाला स्क्रू नसतो. तो सेल लेकरानं गिळला तर अन्ननलिका आतून जाळतो. केळं खाऊ घालून वाट पाहत बसायचं नाही, तडक दवाखाना.

नर्सताई

वरच्या सेलच्या मुद्द्याला दुजोरा. मी ग्रामीण रुग्णालयात आहे, मंडईच्या दिवसांत आमची रात्रपाळी कशी जाते ते सांगते.

पहिला पेशंट बहुतेक जुलाबाचा. अकरा महिन्यांचं लेकरू पाहुण्यांच्या मांड्यांवरून फिरतं. एक मावशी जिलबी चाटवते, दुसरी बासुंदीचं बोट, तिसरी मध. वर्षाच्या आतल्या लेकराला मध अजिबात नाही, थेंबभरही नाही, त्यानं बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. साखर-मीठही त्या वयात नकोच. ‘एवढ्यानं काय होते?’ असं म्हणणाऱ्या बाईंना मी सांगते की लेकराला घेऊन मग तुम्हीच माझ्याकडं या, आईला झोपू द्या. जुलाब झालेच तर ओआरएसचं पूर्ण पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असा हिशेब नाही. केलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं. झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईकडं फुकट मिळतं, मंडईच्या आधीच आणून ठेवा. अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं.

दुसरं, अडकणं. फुटाणे, शेंगदाणे, शिंगाड्याचा तुकडा, बोराची बी. मंडईत हे सगळं मुठीमुठीनं वाटतात. तुमच्या मोठीलाही दाणे कुटूनच द्या.

फुलझडी विझली की तिची तार लाल नसते, पण तापलेली असते आणि लेकरं तीच उचलतात नाहीतर अनवाणी तिच्यावर पाय देतात. अंगणात पाण्याची बादली ठेवा, विझलेली प्रत्येक तार तिच्यात. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई, काही नाही. मी पेस्ट खरवडून काढत असते तेव्हा लेकरू जेवढं रडतं तेवढं भाजल्यावरही रडलेलं नसतं.

आणि आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसले ते. पाहुणे आले की खाटा पाहुण्यांना आणि घरची लेकरं छपरीत खाली सतरंजीवर. शेजारी धानाचं पुंजणं. पुंजण्यात उंदीर, उंदरामागं साप. मण्यार रात्रीच फिरतो आणि खाली झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेलं बरेचदा कळत नाही, सूज नाही, जखम दिसत नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणून रडतं, पापण्या जड होतात, आवाज बदलतो, आणि घरचे म्हणतात काल भजे जास्त खाल्ले. असं दिसलं तर मांत्रिक नाही, ओवा नाही, 108 ला फोन. नाटकाच्या रात्री गावात गाड्या भरपूर असतात, 108 ला उशीर असेल तर त्यातली एक काढा. लेकरांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. जवाईबापूंना खाली झोपवा. मोठी माणसं मच्छरदाणीत घुसून सतरंजीवर झोपू शकतात.

पवनीकर

जवाईबापूंना खाली झोपवा!! ताई, हे वाक्य आमच्या घरी वाचून दाखवलं. जवाई समोरच बसले होते. हसले, पण गादी त्यांनी स्वतःच उचलली.

पेटीवाला

मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. आमच्या कंपन्यांची ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याला. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचं घर म्हणजे गाडी. बांधीताईंसाठी थोडं आतलं सांगतो.

पत्रिकेवर साडेदहाची वेळ असली तरी पडदा उघडायला अकरा-साडेअकरा होतात. पाहुण्यांची जेवणं उरकल्याशिवाय मंडप भरत नाही, आणि मंडप भरल्याशिवाय मंडळ घंटा देऊ देत नाही. नाटक सकाळपर्यंत का चालतं याची कारणं लोक आपापली सांगतात. आमचे जुने लोक सांगत की परगावच्या माणसानं अंधारात जंगलातून परत जाऊ नये, उजेड झाला की जावं. मला हे पटतं.

लेकरं घेऊन बसायचं असेल तर स्टेजसमोरच्या खुर्च्या घेऊ नका. तिथं दोन्ही बाजूंचे स्पीकर थेट कानात येतात. मधल्या भागात, खांबाला टेकून, खाली तणस आणि सतरंजी. तिथून आवाज पुरेसा येतो आणि लेकरू झोपतं. लेकरू दचकून उठायची जागा म्हणजे खलनायकाची एंट्री, तेव्हा ढोलक आणि ऑक्टोपॅड एकदम पडतात. मी आधी हलकासा सूर धरतो. तो ऐकू आला की लेकराच्या कानावर हात ठेवा.

आणखी एक. आमच्या कंपनीतल्या नायिकेची मुलगी दोन वर्षांची आहे. ती मेकअपच्या खोलीत, पेट्यांच्या मधल्या जागेत झोपते. आईचा प्रवेश आला की जी कोणी बाई विंगेत मोकळी असेल ती लेकराजवळ बसते, हे न सांगता ठरलेलं असतं. तिचा प्रवेश आला की दुसरी. हंगामभर ते लेकरू एकटं राहत नाही आणि एकही प्रवेश चुकत नाही. डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या रंगभूमीवर पुष्कळ लिहून आलं. या विंगेतल्या बाळंतखोलीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून इथं लिहून टाकलं.

अकोल्याचा_बाप

आमच्या इकडे मंडई नाही. कापसाची वेचणी आन् दिवाळी एकाच टायमाले येते एवढंच. पण एक गोष्ट सांगतो, बापांसाठी.

बायको म्हनते ‘थोडा वेळ पोराले पाहा’, आपन पाहातो. म्हंजे आपन मोबाईल पाहातो आन् पोट्टं आपल्या आजूबाजूले असते. ते रडलं की आपन हाक मारतो, ‘अवं, हे रडून राहिलं!’ मंग ते पाहनं कशाचं झालं? म्या मागच्या दिवाळीत रात्रीची पाळी अंगावर घेतली. पाळी म्हंजे पुरी. दुधाची वाटी कुठं, कोरडे लंगोट कुठं, कोनत्या गान्यानं झोपते, सारं आदल्या दिवशी इचारून घेतलं. आन् बायकोले सांगतलं की फोन करनार नाही. पोरगं लय रडलं राजेहो. मंग थकलं आन् झोपलं. म्याबी.

बांधीताई, तुमचे मालक मंडळात हायेत हे कबूल. पन पडदा वर गेला की मंडळाचं काय काम उरते? तिकिटं इकून झालेली असतात.

पुण्यात_वऱ्हाडी

बरं, पाहुण्यांचा मुद्दा मागे घेतो. पण अकरा महिन्यांचं बाळ अंगावर पीत असेल तर आई रात्रभर बाहेर कशी राहणार?

नर्सताई

राहू शकते. अकरा महिन्यांचं लेकरू वरचं खातं. रात्री नवाच्या सुमारास मऊ भात किंवा तांदळाची घट्ट पेज, थोडं वरण, चमचाभर तूप, मग अंगावर पाजून निजवायचं. जाताना दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत ठेवायचं. घरातल्या गार जागेत ते 4 तास चांगलं राहतं. वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नको. नाटकात मध्यंतर असतंच, घर गावात असेल तर तेवढ्यात येऊन पाजून जाता येईल. नवा तांदूळ पेजेला छान, भाताला चिकट होतो.

धानाची_बांधी

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. सिंदेवाहीच्या ताईंचं म्हाताऱ्यांबद्दलचं वाचलं तेव्हा त्यांनी तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘मी एकबी नाटक पुरं पाह्यलं नाही. लेकरू रडे, मी उठो. शेवटी कोन मेलं ते दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायाईले इचारो.’ इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो, हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे आता एकीचा नाही, दोघींचा प्रश्न झाला. मग मी अकोल्याच्या भाऊंचा प्रतिसाद नवऱ्याला पाठवला, काही न लिहिता. त्यानं दिवसभर उत्तर दिलं नाही. संध्याकाळी येऊन विचारलं, लंगोट कुठं ठेवते? 

तर असं ठरलं. पडदा उघडला की तो आणि दीर घरी. मामंजी म्हणाले मला तसंही आजकालच्या नाटकातलं कळत नाही, मी मोठीला झोपवतो. ती त्यांच्याच गोष्टीवर झोपते, म्हणून तो भाग सोपा आहे. आमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, मंडप शाळेच्या पटांगणात, म्हणून मध्यंतरात मी येऊन पाजून जाईन. जाऊबाई नागपूरहून येणार आहेत. त्यांनी फोनवर आधी विचारलं की रात्री मुलांचं शेड्यूल काय असेल, मी म्हटलं वहिनी, शेड्यूल म्हणजे मच्छरदाणी. त्यांची मुलं मोठी आहेत, ती आमच्यासोबत मंडपात येतील. खाटा लेकरांना, पाहुणे खाली. पुंजणं यंदा घराजवळ न रचता बांधीतच उंच जागेवर रचायचं, हे मामंजींनी नर्सताईंचं वाचून स्वतःहून ठरवलं. ताडपत्री लागेल, रात्री कोणीतरी चक्कर मारावी लागेल, पण ते म्हणाले बघू.

ताटाबद्दल पवनीकर भाऊंचं ऐकलं. करंज्या मात्र होणार. त्यावर सासूबाई ऐकायला तयार नाहीत, आणि करंज्या मलाही आवडतात.

आजी_साकोली

(आजी म्हणते, विहिरीवाली गोष्ट खरी हाये. आमच्या गावातबी असंच होतं. अन् ते विचारते का यंदा साकोलीकडं येऊन राहिले का पेटीवाले, ते बी जाईन म्हनते.)

पेटीवाला

साकोलीच्या बाजूला दोन तारखा आहेत, आजी. मंडळाला सांगून मधल्या खांबाची जागा धरून ठेवतो. बांधीताई, तुमच्या गावात कोणतं नाटक लागलंय?

धानाची_बांधी

नाव नाही सांगत, मंडळाचे लोक इथं वाचतात, जाहिरात केली म्हणतील. पत्रिकेवर ‘सामाजिक, कौटुंबिक, विनोदी, सहकुटुंब पाहण्यासारखं’ छापलंय. दिराच्या म्हणण्यानुसार पहिल्या अंकात एक खून आहे आणि तिसऱ्यात दोन.

पवनीकर

मग सहकुटुंबच जी. लेकरं घरी ठेवता ते बरंच केलं. शेवटी कोण मेलं ते इथं लिहू नका, आमच्याकडं तेच नाटक पुढच्या आठवड्यात आहे.